न्युरेंबर्ग क्रॉनिकलची हातानं रंगवलेली सुटी पानं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंधराव्या शतकातल्या छापील पुस्तकांची सुटी पानं हल्ली ऑनलाइन लिलावांत सहज दिसतात. त्यांत सगळ्यांत जास्त पानं एकाच पुस्तकाची असतात, ते म्हणजे हार्टमान शेडेलचं जगाच्या इतिहासाचं पुस्तक, जे आज न्युरेंबर्ग क्रॉनिकल या नावानं ओळखलं जातं. म्हणून इथली उत्तरं याच पुस्तकाला धरून दिली आहेत. त्या काळच्या इतर रंगवलेल्या पानांनाही त्यांतली बहुतेक लागू पडतात.

हे पुस्तक नेमकं काय आहे?

सृष्टीच्या निर्मितीपासून छापण्याच्या काळापर्यंतचा इतिहास ख्रिस्ती परंपरेप्रमाणे कालखंडांत मांडलेलं मोठ्या आकाराचं पुस्तक. मजकूर न्युरेंबर्गचा वैद्य हार्टमान शेडेल याचा. पैसा घातला झेबाल्ड श्रायर आणि झेबास्टियान कामरमाइस्टर या दोघांनी. चित्रं मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या कार्यशाळेतली आणि छपाई आंटोन कोबेर्गरची. लॅटिन आवृत्ती १२ जुलै १४९३ रोजी पूर्ण झाली. गेओर्ग आल्टनं केलेलं जर्मन भाषांतर त्याच वर्षी २३ डिसेंबरला आलं.

चित्रं १,८०० हून अधिक आहेत, पण लाकडी ठसे साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे एकच ठसा अनेकदा वापरला. एकाच राजाचा चेहरा चार वेगवेगळ्या नावांनी भेटतो. माइन्झ, नेपल्स, बोलोन्या आणि लिऑं या चार शहरांना एकच दृश्य दिलेलं आहे. न्युरेंबर्ग, व्हेनिस, फ्लॉरेन्स यांची दृश्यं मात्र त्या त्या शहराचीच आहेत. त्यामुळे ‘शहराचं सर्वांत जुनं छापील चित्र’ अशी जाहिरात दिसली, की आधी ते दृश्य खरोखर त्या शहराचं आहे का, हे पाहावं.

पान लॅटिन आवृत्तीचं की जर्मन, हे कसं ओळखायचं?

वरच्या कडेला पहा. लॅटिन पानावर रोमन आकड्याआधी ‘फोलिउम’ असतं, जर्मन पानावर ‘ब्लात’. आकडा पानाच्या फक्त पुढच्या बाजूला असतो. अक्षरांचं वळणही वेगळं आहे: लॅटिनसाठी गोलसर गॉथिक, जर्मनसाठी टोकदार, तिरक्या लकबीचं. विक्रेत्याच्या वर्णनात ‘गॉफ एस-३०७’ (गॉफ ही पंधराव्या शतकातल्या छापील पुस्तकांची सूची) असेल तर ती लॅटिन आवृत्ती, ‘एस-३०९’ असेल तर जर्मन.

आणखी एक सावधगिरी. आउग्सबुर्गच्या योहान श्योनस्पेर्गरनं १४९६ पासून याच पुस्तकाच्या लहान आकाराच्या नकला छापल्या. त्यांतली चित्रंही लहान करून नव्यानं कोरलेली आहेत. पान जुनं आणि खरं असतं, पण कोबेर्गरचं नसतं, आणि किंमत बरीच कमी असायला हवी. कडा फारशा न छाटलेलं कोबेर्गरचं पान ४५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असतं. ३० सेंटीमीटर उंचीचं ‘पूर्ण पान’ कुणी दाखवत असेल तर ते श्योनस्पेर्गरचं असण्याची शक्यता आधी तपासा.

लाकडी ठशाचं छापील चित्र आणि आजची प्रतिकृती यांत फरक कसा दिसतो?

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक साधी टॉर्च पुरते.

भिंगातून काळी रेघ पहा. आजच्या ऑफसेट छपाईत रेघ आणि रंग दोन्ही बारीक ठिपक्यांचे बनलेले असतात. ठशाच्या रेघेत ठिपके नसतात. दाबानं शाई कडेला सरकते, त्यामुळे रेघेची किनार मधल्या भागापेक्षा किंचित गडद दिसते. मग खोलीतला दिवा घालवा, टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर धरा आणि पानाची मागची बाजू पहा. खऱ्या पानावर अक्षरं आणि रेघा मागून उठून आलेल्या दिसतात, कारण ठसा आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, एकाच दाबात ओल्या कागदात रुतलेले असतात. पान पूर्वी कधी ओलं करून दाबलं असेल तर हा उठाव बराच कमी होतो. म्हणून उठाव नाही, एवढ्यावरून पान खोटं ठरवू नये.

मग कागद. दिव्यासमोर धरला की जवळजवळच्या बारीक रेघा आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, दोन-चार सेंटीमीटर अंतरावरच्या ठळक रेघा दिसतात. या कागद गाळायच्या जाळीच्या खुणा. हे पुस्तक ताव एकदाच दुमडून बनलेलं आहे, त्यामुळे ठळक रेघा पानात उभ्या असायला हव्यात. आडव्या असतील तर काहीतरी चुकतंय. जलचिन्ह, म्हणजे उजेडात दिसणारी कागद बनवणाऱ्याची खूण, नाही म्हणून घाबरू नका: ते तावाच्या एकाच अर्ध्या भागात असायचं, म्हणून साधारण निम्म्या पानांवर ते नसतंच.

वायमारच्या ग्रंथालयातल्या रंगीत जर्मन प्रतीची छापील प्रतिकृती २००१ साली निघाली आहे. तिची फ्रेम केलेली पानं दुरून खरी वाटतात. भिंग लावलं की दोन सेकंदांत कळतं, म्हणून काचेआडचं पान काचेबाहेर काढून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चित्रातल्या काळ्या रेघेत पांढरा गोल ठिपका आहे. कागदाला कीड लागली आहे का?

बोट फिरवून पहा, किंवा दिव्यासमोर धरा. आरपार उजेड आला तर कागदाला भोक आहे. उजेड आला नाही, कागद अखंड आहे आणि तरीही रेघेत गोल खंड दिसतो, तर कीड लागली होती ती लाकडी ठशाला. हा दोष नाही, खऱ्या ठशाची चांगली खूण आहे.

रंग पुस्तक छापतानाच लावत असत का?

नाही. यंत्रावर फक्त काळी शाई लागायची. रंग नंतर हातानं भरला जायचा. कोबेर्गरकडून कोरी प्रत घेता यायची आणि रंगवलेलीही. शिवाय कोरी प्रत घेऊन आपल्या गावच्या रंगाऱ्याकडून रंगवून घेणारेही होते. म्हणून ‘मूळ रंगसंगती’ अशी एकच नाही. एका प्रतीत आकाश निळं, दुसऱ्या प्रतीत कोरंच. शेडेलची स्वतःची प्रत म्युनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहे. ती फार निगुतीनं रंगवलेली आहे आणि तिची चित्रं घरबसल्या पाहता येतात. तिच्याशी आपलं पान जुळत नाही म्हणून रंग खोटा, असा निष्कर्ष मात्र काढू नये.

पुस्तकांत रंग बहुधा कुंचल्यानं भरलेला असतो. पत्ते आणि सुटी धार्मिक चित्रं यांसाठी कापलेले साचे वापरत. साच्यानं लावलेला रंग ओळखायला सोपा असतो: रंगाची कड धारदार असते, पण ती रेघेशी जुळत नाही, सगळीकडे एकाच दिशेला सरकलेली असते.

कोणते रंग वापरत?

यांतले बरेचसे आपल्याकडच्या लघुचित्रांतही भेटतात, आणि मराठीत त्यांना नावंही आहेत.

लाल: हिंगूळ आणि शेंदूर. गुलाबी-किरमिजी: लाख आणि पतंगाचं लाकूड. लाख आणि पतंग ही दोन्ही पूर्वेकडून व्यापाऱ्यांमार्फत युरोपात जात. हिरवा: जंगाल, म्हणजे तांब्यावर आंबट वाफेनं चढवलेला गंज, किंवा झुडपांच्या फळांचा रस. निळा: अझुराइट हा तांब्याचा खनिज दगड कुटून, किंवा नीळ. पिवळा: शिसं आणि कथील एकत्र भाजून केलेला, किंवा वनस्पतींचा. पांढरा: सफेदा, म्हणजे शिशाचा. हे सगळं डिंकाच्या किंवा अंड्याच्या पांढऱ्याच्या पाण्यात कालवायचं.

भिंगाखाली प्रत्येकाची चाल वेगळी दिसते. अझुराइट दाणेदार असतो. निळ्या वाळूची पूड पसरल्यासारखे सुटे कण दिसतात आणि तो कागदात मुरत नाही. पतंगाचा रंग उलट पातळ, आरपार, आणि उजेडानं विटून बहुतेक वेळा तपकिरीकडे गेलेला. शेंदूर कडांशी काळवंडतो. चेहऱ्यांवरचा सफेदाही कधी कधी करडा होतो. संतांचे चेहरे मळके दिसतात ते पुष्कळदा या कारणानं, धुळीनं नव्हे. पुसून ते जाणार नाही.

रंग जुना की अलीकडे चढवलेला, हे कसं ठरवायचं?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, कारण किंमत यावरच फिरते. कोऱ्या पानावर नव्यानं रंग भरून विकण्याची पद्धत जुनी आहे. एकाच खुणेवर भिस्त ठेवू नये. चार-पाच खुणा एका दिशेला गेल्या की मगच मत बनवावं.

पहिली आणि सर्वांत भरवशाची तपासणी मागच्या बाजूची. जंगालातलं तांबं कागदाला हळूहळू जाळतं. शहराच्या दृश्यातली हिरवी टेकडी मागून पाहिली तर नेमक्या त्याच आकाराचा तपकिरी डाग दिसतो, कडेला थोडा फिकट पसरलेला. हा डाग पडायला बराच काळ लागतो. हिरवा रंग गडद आहे आणि मागची बाजू स्वच्छ, तर हिरवा जंगाल नाही, किंवा रंग नवा आहे. उलट, मागे रंगच फुटून आला असेल, म्हणजे निळा मागे निळा आणि लाल मागे लाल दिसत असेल, तर शंका घ्या. जुना कागद सरसात बुडवून घट्ट केलेला असायचा. त्यावर रंग वरच राहायचा. पुढे कुणी पान धुतलं तर सरस निघून जातो. अशा कागदावर नंतर लावलेला रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो.

दुसरी, भोकांची. किडीचं भोक रंगवलेल्या भागातून गेलेलं शोधा. रंग आधीचा असेल तर भोकाची कड आतून कोऱ्या कागदाची दिसते. रंग नंतरचा असेल तर तो भोकाच्या कडेत उतरलेला असतो, कधी कधी मागच्या बाजूला छोटं कडं सोडून. हीच गोष्ट फाटलेल्या जागी आणि डकवलेल्या कागदावर पहा. दुरुस्तीच्या ठिगळावर रंग सलग गेला असेल तर उत्तर मिळालंच.

तिसरी, समोरच्या पानाच्या छापाची. हिला थोडा वेळ लागतो, पण ती फार बोलकी आहे. पुस्तक मिटलेलं असताना एका पानाचा रंग समोरच्या पानावर फिका, उलटा उमटतो. समजा तुमच्या पानावर आकडा ३८ आहे. त्याची पुढची बाजू पुस्तकात ३७ च्या मागच्या बाजूसमोर होती. म्युनिकच्या प्रतीत, किंवा जर्मन पान असेल तर एखाद्या जर्मन प्रतीच्या छायाचित्रांत, ३७ ची मागची बाजू उघडा. तिथे चित्र कुठे आहे ते पहा आणि मनातल्या मनात आरशात उलटवा. तुमच्या पानावर नेमक्या त्याच जागी हिरवट-तपकिरी सावली असेल, तर रंग पुस्तक शाबूत असताना चढलेला आहे. पण यातून एवढंच सिद्ध होतं. एकोणिसाव्या शतकात कुणी अख्खं पुस्तक रंगवलं असेल तरीही छाप उमटेलच.

चौथी, रंगद्रव्यांच्या तारखांची. प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. कोबाल्ट निळा, क्रोमचा पिवळा आणि कृत्रिम अल्ट्रामरीन एकोणिसाव्या शतकातले. टिटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकातला. यांतलं काही सापडलं तर तो रंग, निदान तेवढा भाग, नंतरचा. यासाठी डोळा पुरत नाही. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र लागतं. त्यात पानाला स्पर्शही होत नाही. पारा दिसला तर हिंगूळ, तांबं दिसलं तर अझुराइट किंवा जंगाल, क्रोमियम किंवा टिटॅनियम दिसलं तर नवा हात. वनस्पतीजन्य रंग मात्र या यंत्राला दिसत नाहीत.

पाचवी खूण हाताची. पंधराव्या शतकातला रंगारी घाईत असायचा. छपरं एका दमात लाल, झाडं एका दमात हिरवी, रेघेबाहेर गेलं तरी थांबायचं नाही. आजच्या नव्या रंगकामात पुष्कळदा गालावर नाजूक छटा आणि ढगांना मऊ कडा असतात, शिवाय रंग रेघेच्या आत काटेकोर. फार सुबक रंग दिसला की आनंद होण्याआधी भिंग काढावं.

अतिनील टॉर्चनं काही कळतं का?

कळतं, पण टॉर्च ३६५ नॅनोमीटरची हवी. स्वस्तातली ३९५ वाली टॉर्च सगळीकडे जांभळा उजेड पाडते आणि त्यात काही दिसत नाही. पूर्ण अंधारात, काही सेकंदच वापरा. तांब्याचे हिरवे रंग काळपट दिसतात. कागदाचा एखादा तुकडा दुधाळ निळा चमकला, तर तिथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, चमक आणणारं रसायन घातलेला कागद लावलेला आहे. पुसलेले शिक्के आणि शाईच्या नोंदीही या उजेडात वर येतात.

पुसलेला शिक्का दिसला तर खरेदी तिथेच थांबवा. युरोप-अमेरिकेतल्या ग्रंथालयांतून पानं कापून चोरल्याच्या घटना झालेल्या आहेत. साध्या उजेडातही जागा ओळखता येते: कागद तेवढ्याच लंबगोलात पातळ झालेला असतो, कारण शिक्का खरवडलेला असतो. विक्रेत्याला शिक्का का आणि कधी रद्द झाला, याचा लेखी पुरावा मागा.

दोन पानांवर पसरलेलं शहराचं दृश्य घेताना काय पाहायचं?

मधली दुमड. तिथेच शिवण होती, तिथेच सरस लागला आणि कीड बसली. दोन्ही अर्धी एकाच प्रतीतली आहेत का, हे आधी तपासा: कागदाचा रंग, पाण्याचे डाग आणि किडीची भोकं दोन्हींकडे जुळायला हवीत. हिरवा रंग एका अर्ध्यात जळलेला आणि दुसऱ्यात ताजा असेल, तर दोन प्रतींची जोड लावलेली आहे. न्युरेंबर्गचं दृश्य ९९ च्या मागे आणि १०० च्या पुढे आहे. जगाचा नकाशा १२ च्या मागे आणि १३ च्या पुढे. हे आकडे पाठ असले की फसगत कमी होते.

या पुस्तकात भारत आहे का?

आहे, पण ओळखीचा नाही. जगाचा नकाशा टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराच्या पद्धतीचा आहे, आणि तो छापला तेव्हा वास्को द गामा कालिकतला पोचायला पाच वर्षं बाकी होती. १२ व्या पानावर आणि नकाशाच्या डाव्या कडेला विचित्र माणसांची एकवीस चित्रं आहेत. त्यांतली कुत्र्याच्या तोंडाची माणसं भारतात राहतात, असं मजकूर सांगतो. मराठी वाचकाला या पानाबद्दल कुतूहल वाटणं स्वाभाविक आहे. पण हे पान सर्वांनाच हवं असतं, त्यामुळे महाग पडतं आणि नव्यानं रंगवलेलंही जास्त मिळतं. २६४ व्या पानावरच्या नाचणाऱ्या सांगाड्यांचीही हीच गत.

भारताच्या दृष्टीनं त्या काळची वनस्पतींची पुस्तकं अधिक रोचक आहेत. लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतीतज्ज्ञाच्या १५४२ च्या बाझेलच्या ग्रंथात ५०० हून अधिक वनस्पती लाकडी ठशांतून छापल्या आहेत. रंग भरायला जागा राहावी म्हणून रेघांत छाया मुद्दाम घातलेली नाही. त्यात मिरची आहे, आणि पुढच्या वर्षीच्या जर्मन आवृत्तीत तिचं नाव ‘कालिकतची मिरी’. अमेरिकेतून आलेलं झाड युरोपला भारतातलं वाटलं होतं. सुटं पान घ्यायचं आणि घरच्या भिंतीवर त्याचा आपल्याशी काही धागा हवा, तर आमचा कौल त्या पानाला.

पान पाणी लावून स्वच्छ करता येईल का?

नाही. डिंकात कालवलेला रंग पाण्यानं सुटतो आणि पतंग, लाख यांचे रंग पसरतात. त्याहून वाईट म्हणजे जंगालातलं तांबं पाण्याबरोबर शेजारच्या कोऱ्या कागदात जातं आणि तिथेही जाळायला सुरुवात करतं. घरी फक्त एवढं करावं: मऊ, कोरड्या कुंचल्यानं रंग नसलेल्या कडांवरची धूळ मध्यापासून बाहेर झाडावी. रंगवलेल्या भागाला हात लावू नये. खोडरबर, पावाचा गर, ब्लिचिंग, आम्ल काढणारे फवारे, यांतलं काहीही नको.

पोप जोनच्या (दंतकथेतल्या स्त्री-पोपच्या) चित्रावर जुन्या काळच्या वाचकांनी शाई फासलेली किंवा ते खरवडलेलं काही प्रतींत आढळतं. ती घाण नव्हे, इतिहास आहे. ती तशीच राहू द्यावी.

हिरवा रंग तडकून पडतोय. काय करू?

पान आडवं ठेवा, वाकवू नका, आणि कागद-संवर्धकाला दाखवा. तोवर आम्लरहित कागदाच्या दुमडलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. पारदर्शक पॉलिस्टरच्या पाकिटात घालू नका: त्यातली स्थिर वीज सुटे झालेले कण खेचून घेते. लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नये. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे आणि लखनौला सांस्कृतिक वस्तूंच्या संवर्धनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. योग्य माणसापर्यंत पोचायला तिथे विचारणा करता येते.

फ्रेम कशी करावी?

नेहमीच्या फ्रेमवाल्याला नीट सांगावं लागतं, कारण त्याची सवय पान पुठ्ठ्याला चिकटवण्याची असते.

सुती किंवा आम्लरहित बोर्डाचे दोन तुकडे घ्या: मागचा आधार आणि पुढची खिडकी. वरच्या कडेला कापडी पट्टीनं पुस्तकासारखे जोडा. पान आधाराला दोनच बिजागऱ्यांनी लटकवायचं, तेही फक्त वरच्या कडेला. बिजागरी जपानी कोझो कागदाची, साधारण दोन बाय तीन सेंटीमीटरची. कात्रीनं न कापता पाण्याची रेघ ओढून फाडलेली, म्हणजे कडेला तंतू राहतात आणि पानावर वळ उठत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ: एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं सतत ढवळून, गार झाल्यावर गाळणीतून दोनदा गाळलेली. मोरचूद घालू नका, तेही तांबंच. खळ थोडी लावा, जवळजवळ कोरडी. वर टीपकागद आणि वजन ठेवून तासभर सोडा. बिजागरी रंगवलेल्या किंवा हिरव्यानं जळालेल्या जागेमागे कधीही येऊ देऊ नका. सेलोटेप, फेव्हिकॉल आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी यांचा डाग कायमचा राहतो.

काच पानाला टेकता कामा नये. खिडकीच्या बोर्डाची जाडी पुरली नाही तर कडेनं पट्टी घालून तीन-चार मिलिमीटरची पोकळी ठेवा. रंग सुटा होत असेल तर ॲक्रिलिक नको, काचच हवी. कारण पुन्हा तेच, स्थिर वीज. पानाची मागची बाजू मजकुराची असते आणि ती पाहायची असेल, तर मागच्या बोर्डालाही खिडकी कापून घेता येते.

कोकणातल्या पावसाळ्यात पान कसं सांभाळायचं?

कागदाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. रत्नागिरी, मुंबई, पणजी इथे पावसाळ्यात ती ८५ च्या वर सहज जाते. एसी रात्री चालू आणि दिवसा बंद, हे सगळ्यांत वाईट. कागद रोज फुगतो आणि आकसतो, आणि रंगाचा थर तडकतो. एसी सतत चालणार नसेल तर पान फ्रेममधून उतरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावं, सोबत रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. जेलची पुरचुंडी पानाला टेकू देऊ नये. रंग बदलला की जेल पाकिटावर दिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येतं. मापकाचा काटा ४० च्या खाली जाऊ लागला तर थोडं जेल काढा. फार कोरड्या हवेतही रंगाचे पोपडे सुटतात.

बाहेरच्या भिंतीवर, स्वयंपाकघराशेजारी किंवा देवघरासमोर फ्रेम नको. उदबत्तीचा धूर आणि तेलाची वाफ काचेच्या फटीतून आत जाते. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. उजेड ५० लक्सच्या आसपास, आणि वर्षातून तीन महिन्यांहून जास्त काळ पान भिंतीवर राहू नये. पतंग आणि लाख यांचे रंग परत येत नाहीत.

कसरीसाठी वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही. पोथ्यांच्या रुमालात ती ठेवण्याची रीत आहेच. पण पूड पानावर भुरभुरू नये. डांबरगोळ्या टाळाव्यात.

परदेशातून मागवलं तर कायद्याचं काय?

आयात करताना बिलावर पुस्तकाचं नाव, छपाईचं वर्ष आणि ‘शंभर वर्षांहून जुनी वस्तू’ हे स्पष्ट लिहून घ्या. जकात ठरवताना ते उपयोगी पडतं. परत बाहेर पाठवण्याचा विषय अधिक नाजूक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांना आणि दस्तऐवजांना ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पान बाहेरून आलं होतं हे दाखवणारी आयातीची कागदपत्रं म्हणूनच जन्मभर जपा, आणि बाहेर नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करा.

पुस्तक फोडून पानं विकणं योग्य आहे का?

नाही. अपूर्ण आणि मोडकळीला आलेल्या प्रतींचीच पानं सुटी होतात, असं सांगितलं जातं. कित्येकदा ते खरंही असतं. पण पानं सुटी विकून जास्त पैसे मिळतात म्हणून शाबूत प्रतीही फोडल्या गेल्या आहेत. लॅटिन आणि जर्मन मिळून शेकडो प्रती आजही ग्रंथालयांत आहेत, म्हणून काय झालं, हा युक्तिवाद पटण्यासारखा नाही. प्रत्येक प्रतीचा रंगारी वेगळा होता. एक प्रत फुटली की एका माणसाचं सलग काम तीनशे ठिकाणी विखुरतं. आकाश त्यानं कुठे कोरं सोडलं, कुठल्या पानापासून महागडा निळा संपून नीळ वापरायला लागली, हे मग कुणालाच कळणार नाही.

घ्यायचंच असेल तर ज्याच्या सुटेपणाची जुनी नोंद आहे असं पान घ्या: जुनी विक्रीसूची, जुन्या फ्रेमवरची चिठ्ठी, आधीच्या मालकाची पावती. विक्रेत्याला विचारा, की या प्रतीची आणखी किती पानं तुमच्याकडे आहेत. उत्तर ‘हवी तेवढी’ असं आलं तर पुस्तक नुकतंच फुटलं आहे. असं पान घेऊ नये.

पानासोबत काय काय नोंदवून ठेवावं?

आवृत्ती, पानाचा आकडा, मिलिमीटरमध्ये उंची-रुंदी, ठळक रेघांमधलं अंतर, जलचिन्ह असल्यास त्याचं रेखाटन. दोन्ही बाजूंची छायाचित्रं साध्या उजेडात, तिरक्या उजेडात आणि दिव्यासमोर धरून. हिरव्याच्या मागच्या डागाचं छायाचित्र जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा आणि दर दोन वर्षांनी तसंच पुन्हा काढा. डाग वाढतोय का, हे डोळ्यांच्या आठवणीवर ठरवता येत नाही. हे सगळं वेगळ्या कागदावर लिहावं. पानावर लिहायचं झालंच तर मऊ टू-बी पेन्सिलीनं, मागच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात, रंगापासून दूर, आणि पान काचेवर किंवा दुसऱ्या कडक सपाट जागेवर ठेवून, म्हणजे पुढच्या बाजूला वळ उठणार नाही.